लाल रंग सर्वांत ठळक दिसत नाही, तरी धोक्यासाठी तोच का?

त्रिज्या (प्रश्न):

धोक्याच्या सूचनेसाठी लाल रंग का वापरतात, याचे उत्तर आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत एका वाक्यात पाठ केलेले असते: लाल प्रकाशाची तरंगलांबी सर्वांत जास्त असल्यामुळे त्याचे विकिरण सर्वांत कमी होते आणि म्हणून तो धुक्यातूनही दुरून दिसतो. परीक्षेपुरते हे उत्तर ठीक असले, तरी थोडा विचार केला की ते अपुरे वाटू लागते. मानवी डोळा सर्वाधिक संवेदनशील असतो तो पिवळसर हिरव्या रंगाला. मग सर्वांत ठळक दिसणाऱ्या रंगाच्या कुळातला रंग ‘जा’ म्हणण्यासाठी आणि तुलनेने मंद दिसणारा रंग ‘थांबा’ म्हणण्यासाठी, अशी उलटी वाटणी का झाली? शिवाय लाल रंग इतका गुणकारी असेल, तर पुढच्या वळणाची किंवा रस्त्याच्या कामाची सूचना देणारे फलक अनेक देशांत पिवळे किंवा नारिंगी का असतात? निळ्या रंगाचे विकिरण सर्वांत जास्त होते म्हणावे, तर निळे फलक मुळात असायलाच नकोत. ही सगळी व्यवस्था प्रकाशाच्या आणि डोळ्याच्या नियमांतून आली आहे, की ती केवळ रूढी आहे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

नेत्रपट:

आपली शंका रास्त आहे. विकिरणाचा नियम खरा आहे, पण तो भलत्या ठिकाणी लावला जातो. हवेच्या रेणूंसारख्या, म्हणजे तरंगलांबीपेक्षा पुष्कळ लहान असलेल्या कणांवरून प्रकाश विखुरतो, तेव्हा विखुरण्याचे प्रमाण तरंगलांबीच्या चौथ्या घाताशी व्यस्त असते. त्या हिशेबाने ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाच्या चौपटीहून अधिक विखुरतो. आकाशाचा निळेपणा आणि मावळत्या सूर्याचा तांबडेपणा या दोहोंचा उलगडा त्यातून होतो. परंतु स्वच्छ हवेत हा फरक जाणवण्यासाठी प्रकाशाला अनेक किलोमीटर अंतर कापावे लागते, आणि चालकाला फलक दिसायला हवा असतो तो काहीशे मीटरांवरून. धुक्याची गोष्ट तर निराळीच आहे. धुक्यातले थेंब दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठे असतात आणि एवढ्या मोठ्या थेंबांवरून सर्व रंग जवळपास सारखेच विखुरतात, म्हणूनच धुके पांढरे दिसते. लाल प्रकाश त्यातून खरोखरच सहज पार होत असता, तर धुक्याआडचा पांढरा दिवाही आपल्याला तांबूस दिसला असता.

आता डोळ्याकडे वळू. भरपूर उजेडात डोळ्याची संवेदनशीलता ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे पिवळसर हिरव्या रंगाला सर्वाधिक असते. तेवढ्याच ऊर्जेचा ६५० नॅनोमीटरचा गडद लाल प्रकाश सुमारे एकदशांश तेजस्वी भासतो. अंधार पडू लागला की दृष्टिपटलातील शंकुपेशींचे (उजेडात रंग ओळखणाऱ्या पेशींचे) काम हळूहळू दंडपेशींकडे (मंद प्रकाशात पाहणाऱ्या पेशींकडे) जाते आणि संवेदनशीलतेचे शिखर ५०७ नॅनोमीटरकडे सरकते. त्यामुळे दिवसा उठून दिसणारे लाल फूल सांजवेळी काळपट होते, तर त्याची पाने तुलनेने उजळ दिसत राहतात. चेक शरीरशास्त्रज्ञ पुर्किन्ये याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही गोष्ट नोंदवली आणि आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. केवळ प्रखरतेच्या कसोटीवर रंग निवडायचे ठरले असते, तर लाल पहिल्याच फेरीत बाद झाला असता.

मात्र एखादी वस्तू नजरेस पडणे आणि ती काय आहे हे चटकन ओळखू येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झाडी, आकाश, माती आणि डांबर यांत शुद्ध, गडद लाल रंग क्वचितच मोठ्या प्रमाणात आढळतो. त्यामुळे तो दिसला की मागच्या देखाव्यात विरघळून जात नाही आणि दुसऱ्या कशाशी त्याची गल्लत होत नाही. पिवळ्याचे बळ निराळ्या ठिकाणी आहे. तो स्वतः अतिशय उजळ असल्यामुळे त्यावरचे काळे चिन्ह उत्तम उठते. शिवाय नजरेच्या कडेला लाल-हिरव्यातला भेद ओळखण्याची शक्ती लवकर क्षीण होते, तर पिवळ्या-निळ्यातला भेद तिथेही बऱ्यापैकी टिकतो. चालकाचे लक्ष समोर असताना कडेला उभा असलेला फलक त्याच्या ध्यानात यावा, यासाठी पिवळा सोयीचा ठरतो तो यामुळे.

सांधेवाला:

वरील शास्त्रीय विवेचन मान्य आहे, पण ‘उलटी वाटणी का झाली’ या प्रश्नाचे उत्तर मला रुळांवर सापडते. रस्त्यावरचे दिवे रेल्वेकडून आले आणि रेल्वेच्या आरंभीच्या काळात हिरव्याचा अर्थ ‘जा’ असा नव्हताच. १८४० च्या दशकात ब्रिटिश रेल्वेमध्ये लाल म्हणजे धोका, हिरवा म्हणजे सावधान आणि पांढरा म्हणजे मार्ग मोकळा, अशी पद्धत रुळली होती. त्या काळच्या अंधाऱ्या रात्रींत पांढरा दिवा सर्वांत दूरवर दिसत असल्यामुळे ही योजना वाजवीही वाटत असावी.

तिच्यातली मेख वापरातून लक्षात आली. तेलाच्या दिव्यासमोरची लाल काच फुटली किंवा निखळली, तर मागे उरतो तो पांढरा प्रकाश, आणि पांढरा म्हणजे मार्ग मोकळा! यंत्रणा बिघडली असता तिने धोक्याऐवजी निर्धोकपणाची खूण दाखवावी, याहून वाईट रचना शोधूनही सापडणार नाही. त्यातच वस्त्या वाढल्या, घरांत आणि रस्त्यांवर दिवे लागले आणि कुठलाही परका पांढरा दिवा सिग्नल समजला जाण्याची भीती निर्माण झाली. म्हणून पांढऱ्याला निवृत्त करून ‘मार्ग मोकळा’चा अर्थ हिरव्याकडे देण्यात आला, आणि सावधानतेची जागा पुढे पिवळ्याने घेतली. हिरवा बढती मिळून तिथे पोहोचला आहे, असे म्हटले तरी चालेल. लाल मात्र पहिल्यापासून जागचा हललेला नाही.

या बदलाची एक खूण रस्त्यावरही आढळते. डिसेंबर १८६८ मध्ये लंडनला संसद भवनाजवळ जॉन पीक नाइट या रेल्वेच्याच माणसाच्या कल्पनेतून गॅसचा सिग्नल उभारला गेला. त्यातला हिरवा दिवा ‘पुढे जा’ असे न सांगता ‘जपून जा’ असे सांगत असे. पुढच्याच महिन्यात गॅसचा स्फोट होऊन तो चालवणारा पोलीस जखमी झाला आणि तो प्रयोग बारगळला. अमेरिकेत क्लीव्हलँड येथे १९१४ साली विजेचे लाल-हिरवे दिवे आले आणि १९२० साली डेट्रॉइटमध्ये विल्यम पॉट्स या पोलीस अधिकाऱ्याने त्यांच्यामध्ये पिवळ्याची भर घातली. रेल्वेला तीन दिव्यांचा सराव आधीपासून होताच.

त्रिज्या:

दोघांचेही आभार. हिरव्याची ही पूर्वपीठिका मला अजिबात ठाऊक नव्हती. यातून एक उपप्रश्न निघतो. रंगांधत्वाचा सर्वांत आढळणारा प्रकार लाल-हिरव्यातला भेद न कळण्याचा आहे. म्हणजे जी जोडी सर्वाधिक लोकांना अडचणीची, नेमकी तीच आपण निवडून बसलो आहोत. हे जगभर चालवून कसे घेतले जाते?

फलकनवीस:

अडचण खरी आहे. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के आणि स्त्रियांत साधारण अर्धा टक्का लोकांना लाल-हिरव्याचा भेद कमी-अधिक प्रमाणात कठीण जातो. तरीही जोडी बदलण्याऐवजी तिच्याभोवती टेकू उभे करण्यात आले. पहिला टेकू जागेचा: उभ्या खांबावर लाल नेहमी वर आणि हिरवा खाली. (न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज शहरात आयरिश वस्तीच्या आग्रहापोटी हिरवा वर असलेला एक सिग्नल आजही उभा आहे, पण तो अपवाद.) दुसरा टेकू छटेचा आहे आणि तो फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. सिग्नलचा हिरवा गवतासारखा हिरवा नसतो. त्यात मुद्दाम निळसर झाक ठेवलेली असते. लालही अगदी गडद न घेता किंचित नारिंगीकडे झुकवलेला असतो, कारण काही प्रकारच्या रंगांधत्वात गडद लाल जवळजवळ काळा दिसतो.

फलकांच्या बाबतीत तिसरा टेकू आकाराचा आहे आणि माझ्या मते तो रंगाहून महत्त्वाचा आहे. थांबण्याचा फलक अष्टकोनी असतो आणि वाट देण्याचा उलट्या त्रिकोणाचा. अष्टकोन मागून पाहिला किंवा बर्फाने झाकला गेला तरी ओळखू येतो. सोडियमच्या जुन्या, कमी दाबाच्या दिव्यांखाली तर रंगाचा उपयोग जवळजवळ संपतोच. त्यांचा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेला असल्यामुळे लाल फलक मळकट तपकिरी दिसतो आणि वाचता येतात ती फक्त पांढरी अक्षरे. म्हणून फलकांवर लाल रंग बहुधा एकटा नसतो. पांढऱ्या पृष्ठभागाभोवती लाल कडे किंवा लाल पृष्ठभागावर पांढरी अक्षरे, अशी योजना असते. त्यात उजळपणा पांढरा पुरवतो आणि अर्थ लाल सांगतो.

‘रूढी की शास्त्र’ या आपल्या प्रश्नात मी तिसरा पक्षही जोडू इच्छितो: रंगाचा टिकाऊपणा. अमेरिकेत १९२० च्या दशकापासून १९५४ पर्यंत थांबण्याचा प्रमाण फलक पिवळ्यावर काळ्या अक्षरांचा होता, कारण उन्हापावसात न विटणारा लाल लेप त्या काळी उपलब्ध नव्हता. तसा लेप तयार होऊ लागल्यावर १९५४ मध्ये फलक लाल झाला. म्हणजे थांबण्यासाठी लालच हवा, हे दिव्यांच्या बाबतीत आधीच ठरलेले असूनही फलकाला रंगाच्या डब्याची वाट पाहावी लागली.

रस्त्यावरील फलक आणि सिग्नल यांविषयीच्या १९६८ च्या आंतरराष्ट्रीय व्हिएन्ना करारानेही धोक्याच्या फलकासाठी एकच रंग सक्तीचा केलेला नाही. लाल कडेचा त्रिकोण किंवा काळ्या कडेचा पिवळा चौकोन कोनावर उभा केलेला, असे दोन नमुने त्यात आहेत, आणि त्रिकोणाचा पृष्ठभाग पांढरा किंवा पिवळा ठेवण्याची मुभा आहे. स्वीडन आणि फिनलंड यांनी पिवळा घेतला आहे. जिथे महिनोन्महिने सगळा प्रदेश पांढरा असतो, तिथे पांढरा फलक उभारण्यात काय हशील?

वनचर:

चर्चेत निसर्गाचा उल्लेख आला नाही, म्हणून थोडे लिहितो. भडक रंगांचे सुरवंट पक्ष्यांपासून लपत का नाहीत, या डार्विनच्या प्रश्नावर निसर्गशास्त्रज्ञ वॉलेसने १८६७ मध्ये असे सुचवले की ते बेचव किंवा विषारी असावेत आणि भडकपणा ही भक्षकाला दिलेली आगाऊ सूचना असावी. गांधीलमाशीचे काळे-पिवळे पट्टे त्याच जातीचे. तेव्हा धोक्याचे रंग निव्वळ रूढीने आले, असे मला वाटत नाही.

नेत्रपट:

पट्ट्यांपुरते मी सहमत आहे, कारण काळ्या-पिवळ्याचा विरोध कोणत्याही डोळ्याला जाणवतो. लाल रंगाबाबत मात्र थोडे थांबावे लागेल, कारण पिकलेले फळही लालच असते आणि तिथे त्याचा सांगावा ‘जवळ या’ असा असतो.

मूळ प्रश्नातला निळ्याचा मुद्दा राहून गेला होता. निळ्याला संवेदनशील असलेल्या शंकुपेशी फार थोड्या असतात आणि दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी त्या जवळपास नसतातच. त्यामुळे बारीक निळी अक्षरे वाचणे कठीण जाते. परंतु फलकावर निळा अक्षरांसाठी न वापरता पृष्ठभागासाठी वापरतात, आणि गडद पृष्ठभाग म्हणून तो पांढऱ्या अक्षरांना चांगला आधार देतो. आज्ञा किंवा माहिती देणाऱ्या फलकांना घाबरवायचे नसतेच. ते शांतपणे वाचले गेले म्हणजे पुरे.

नारिंगीचे कारणही विरोधाचेच आहे. निळ्या आकाशापुढे आणि हिरव्या झाडीपुढे तो तितक्याच जोराने उठतो. रस्त्यावर काम करणाऱ्यांच्या अंगरख्यांत आजकाल जो झगझगीत नारिंगी किंवा पोपटी रंग दिसतो, तो अंगावर पडलेले अतिनील व निळे किरण शोषून ती ऊर्जा स्वतःच्या रंगात बाहेर टाकतो. म्हणून ढगाळ दिवशी किंवा सूर्यास्तानंतर लगेच तो भोवतालापेक्षा उजळ वाटतो. पूर्ण अंधारात मात्र हा गुण निरुपयोगी असतो, आणि तिथे गाडीच्या दिव्यांचा प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवणाऱ्या, ज्यांना आपण रेडियम म्हणतो त्या पट्ट्यांवरच अवलंबून राहावे लागते.