पन्हळीवर जाळी बसवावी का?

वळचण:
घराच्या मागच्या बाजूला सुमारे ४० फूट पन्हळ आहे आणि डोक्यावर बारीक पानांचं मोठं झाड. वर्षातून चार वेळा शिडी लावून पाचोळा उपसते. तरी गेल्या आठवड्यातल्या सरीत पन्हळ तुंबली, पाणी मागच्या काठावरून भिंतीत उतरलं आणि आईच्या खोलीचा कोपरा भिजला. जाळी विकणारा म्हणतो, एकदा बसवा, पुन्हा वर चढायला नको. खरंच तसं होतं का?

कौलारू:
नाही होत. जाळी पाचोळा पन्हळीत पडू देत नाही, पण तो जाळीवर बसतोच. वाऱ्याने उडाला तर ठीक, ओला होऊन चिकटला तर पाणी त्याच्यावरून सरळ बाहेर पडतं.
मी आधी जाळीऐवजी पन्हळीत भरायचा स्पंज बसवला होता. दुसऱ्या वर्षी त्यात रोपं उगवली, काढला तर खाली काळा चिखल. मोठ्या भोकांच्या जाळीतून तुमच्या झाडाची पानं सहज आत जातील. आता माझ्याकडे स्टीलची बारीक जाळी आहे. वर्षातून एकदा लांब दांड्याच्या ब्रशने झाडतो. उपसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं, पण काम संपलेलं नाही. जाळी घ्यायचीच तर काढता येणारी घ्या.

उतारपाणी:
ताई, जाळीआधी एक करून बघा. पन्हळ साफ करा आणि पाणी खाली नेणाऱ्या पाइपापासून लांबच्या टोकाला नळी सोडा. पाणी मध्येच साचलं तर उतार गेलाय. ३ मीटरला ५-६ मिलिमीटर उतार हवा. एखादा हूक सैल झाला तरी तेवढ्यात पोट पडतं, आणि तिथे गाळ बसतो, डास होतात. पन्हळ वाहते पण पाणी पाइपाच्या तोंडाशी चढतं, तर बोळा पाइपात आहे, बहुतेक वळणावर. या दोन्हींवर जाळीचा काही उपयोग नाही.
५० चौरस मीटर छपरावर २० मिलिमीटर पाऊस म्हणजे १००० लिटर पाणी. ते सगळं त्या एका तोंडातून जायचं असतं.
शिडी ४ फूट उंचीला १ फूट या हिशेबाने भिंतीपासून लांब टेकवा. खाली धरायला कोणीतरी हवंच, एकटीने चढू नका.

वळचण:
आज भावाला शिडी धरायला लावून नळी सोडली. उतार बरोबर आहे. पाइपाच्या पहिल्या वळणातून मूठभर नव्हे, अर्धी बादली कुजलेला पाचोळा निघाला! मी इतकी वर्षं पन्हळच उपसत होते, पाइपात कधी बघितलंच नाही. तोंडावर तारेची टोपी बसवली आणि छपरावर आलेल्या दोन फांद्या छाटून घेणार आहे. हा पावसाळा असाच काढते. तरी तुंबली, तर झाडाखालच्या १५ फुटांपुरती बारीक जाळी, सगळीकडे नाही. टोपीभोवती पाचोळा किती दिवसांनी काढावा लागतो, कौलारू?

कौलारू:
पानगळीत आठवड्याला बघा. एरवी मोठ्या पावसाआधी एकदा. जमिनीवरून दिसत नसेल तर काठीला आरसा बांधा, मी तेच करतो.