१४ वर्षांच्या मुलीचं इन्स्टाग्राम: काय बंद करू? (फुकटातले उपाय सांगा)

सुईदोरा:
मुलगी चित्रं काढते. त्या चित्रांचं इन्स्टावर खातं आहे, तेही सगळ्यांना दिसणारं. परवा तिनेच दाखवलं. चारशेच्या वर फॉलोअर, ओळखीचे वीसेक. एक काका रोज 'गुड मॉर्निंग' पाठवतात. कोण काका, तिलाही माहीत नाही.
कोणती सेटिंग्ज बदलू? अटी दोनच. पैसे भरायचं काही नको आणि तिच्या नकळत फोनमध्ये काही बसवणार नाही.

निवांत_बाबा:
आम्ही देखरेखीचं अ‍ॅप घेतलंय, वर्षाची वर्गणी भरून. मुलगा कुठे आहे, काय बघतो, किती वेळ बघतो, सगळं माझ्या फोनवर येतं. पैशाकडे बघू नका. घेऊन टाका.

दीडशहाणा:
बाबा, दोनच अटी होत्या, दोन्ही मोडल्यात.
आमच्याकडेही असंच एक अ‍ॅप होतं. रोज अहवाल यायचा, चिरंजीव दहाला झोपतात म्हणून. मग कपाटातल्या जुन्या फोनवर दुसरं खातं सापडलं, दीड वर्ष चालू असलेलं. वर्गणी मात्र तारखेला कापली जायची.

पानगळ:
सरळ बंद करा खातं. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ च्या आतल्यांना बंदी केलीच ना? ते वेडे आहेत का?

दीडशहाणा:
तिथला दंड कंपन्यांना आहे, मुलांना किंवा आईबापांना नाही.

पानगळ:
मी दंडाचं कुठे बोलले?

खारूताई:
एक गोष्ट खटकतेय. सप्टेंबर २०२४ पासून इन्स्टाने १८ खालच्यांसाठी टीन अकाउंट आणलंय. त्यात खातं आपोआप प्रायव्हेट होतं, अनोळखी माणूस मेसेज करू शकत नाही आणि १६ च्या आतल्यांना यातलं काही सैल करायचं तर पालकांची परवानगी लागते. मग हिचं खातं उघडं कसं आणि हे काका आत आले कुठून? आधी तिथलं जन्मसाल बघा.

निवांत_बाबा:
+१, प्रायव्हेट करा. पण अ‍ॅप घ्याच.

सुईदोरा:
खारूताई, बघितलं. जन्मसाल २००१! इन्स्टाच्या हिशेबी बाई केव्हाच सज्ञान. विचारलं तर म्हणाली, "अकरा वर्षांची होते, ते घेत नव्हते. मग चाक फिरवलं, जिथे थांबलं ते ठेवलं."

मधली_सुट्टी:
खात्यासाठी वय किमान १३ हवं ही अट मुलांच्या भल्यासाठी आहे असं वाटत असेल तर विसरा. अमेरिकेत १९९८ साली कायदा झाला की १३ खालच्यांची माहिती पालकांना विचारल्याशिवाय गोळा करायची नाही. विचारण्यापेक्षा 'येऊच नका' म्हणणं कंपन्यांना सोपं पडलं.

पानगळ:
म्हणजे बंदच करा. मी तेच म्हणतेय.

खारूताई:
तारीख दुरुस्त करा, अर्धं काम तिथेच होईल. काकांचे मेसेज खोडू नका, स्क्रीनशॉट घ्या, रिपोर्ट करा, मग ब्लॉक. स्नॅपचॅट असेल तर नकाशावर घोस्ट मोड लावा, म्हणजे ती कुठे आहे ते कुणाला दिसणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर 'ग्रुपमध्ये कोण टाकू शकतं' तिथे फक्त कॉन्टॅक्ट्स ठेवा. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर कुठे काढला ते ठिकाणही सोबत जाऊ शकतं, हे तिला सांगा.
आणि चित्राखाली सही कशी करते?

सुईदोरा:
आई गं. पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी. शाळेतली सवय.

उशिरा_आलो:
लिहू की नको असं वाटत होतं. आमच्या नात्यातला मुलगा, सोळाचा. एका 'मुलीने' ओळख वाढवली, दोन दिवसांत दुसऱ्या अ‍ॅपवर नेलं, फोटो मागवला आणि तासाभरात पैशांची मागणी. त्याने एकदा दिले. मग मागणी वाढली. तीन आठवडे जेवणावर लक्ष नव्हतं, आम्ही परीक्षेचं टेन्शन समजत होतो. कुणावर अशी वेळ आलीच तर पैसे देऊ नका आणि चॅट उडवू नका. 'टेक इट डाउन' नावाची फुकट सेवा आहे, हरवलेल्या आणि शोषण झालेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एनसीएमईसी संस्थेची, १८ च्या आत काढलेल्या अशा फोटोंसाठी. फोटो आपल्याच फोनवर राहतो, फक्त त्याचा आकड्यांचा ठसा जातो आणि त्यावरून सहभागी कंपन्या तो फोटो आपल्याकडे शोधून काढतात.

निवांत_बाबा:
म्हणूनच म्हणतो, अ‍ॅप.

दीडशहाणा:
ताई, राग मानू नका. तुमच्या स्वतःच्या खात्यावर मुलीचे किती फोटो आहेत?

सुईदोरा:
मोजले. ६३. बहुतेक गणवेशातले, बिल्ल्यासकट.
तारीख दुरुस्त केली, काका ब्लॉक, अनोळखी मेसेज बंद. पण खातं उघडंच ठेवतेय. माझं खातं पालक म्हणून जोडलं आणि परवानगी दिली. ती म्हणते, ओळखीचे 'छान' म्हणतात आणि पुढे जातात, रेषेबद्दल बोलतात ते अनोळखीच. ते मला पटलं. सही आता नुसती एक वेलांटी. बदल्यात तिची अट: ते ६३ फोटो काढ. दात पडलेला आधी.

पानगळ:
उघडंच ठेवायचं होतं तर विचारलंत कशाला?

निवांत_बाबा:
दीडशहाणा, तुमचा तो जुना फोन कपाटात नक्की कुठे सापडला होता? सहज विचारतोय. आमच्याकडेही एक पडून आहे, वर्षभर कुणी हात लावला नसेल. आत्ता काढून बघितला तर बॅटरी ८१ टक्के.