मदत हवी आहे: हायडेगरची आधुनिकतेवरची टीका त्याच्या राजकारणापासून वेगळी काढता येते का?

नमस्कार मंडळी, फोंड्यात आम्ही काहीजण जमून तत्त्वज्ञान वाचतो, यावेळी जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर माझ्या वाट्याला आलाय आणि मी पुरता अडकलोय. आधुनिक तंत्रज्ञान नदी, डोंगर, शेवटी माणसाकडेसुद्धा नुसता वापरायचा साठा म्हणून बघतं, हे त्याचं म्हणणं गोव्यातल्या डिचोली-सांग्याच्या खाणी बघितलेल्या माणसाला लगेच पटतं. प्रॉब्लेम पुढे आहे. हाच माणूस 1933 मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठाचा रेक्टर (प्रमुख) झाला, नाझी पार्टीत गेला, 1934 मध्ये रेक्टरपद सोडलं पण पार्टी सोडली नाही. 1935 च्या लेक्चरमधलं नाझी चळवळीच्या 'आंतरिक सत्य आणि थोरवी'बद्दलचं वाक्य 1953 मध्ये पुस्तक छापताना काढलं नाही, त्यावर तेव्हा तरुण असलेल्या हाबरमास या जर्मन तत्त्वज्ञाने जाहीर टीका केली. आणि 2014 पासून हायडेगरच्या 'काळ्या वह्या', म्हणजे त्याच्या खासगी टिपणांच्या वह्या, छापून आल्या, त्यात हिशेबी, मुळं तुटलेल्या आधुनिकतेचा संबंध थेट ज्यूंशी जोडलेला दिसतो, म्हणजे राजकारण टीकेच्या आतच शिरलंय असं मला वाटतं. पण मग त्याच्याकडेच शिकलेल्या मार्क्यूज या तत्त्वज्ञाने तंत्रज्ञानावरची टीका डावीकडे नेली, ती कशी काय?

आपल्याकडेही खाणी, मोठे प्रोजेक्ट यावर बोलताना माती, मुळं, भायले (बाहेरचे) ही भाषा पटकन तोंडात येते, म्हणून हे जास्तच टोचतंय. कोणी यावर मराठीत काही वाचलंय का? मार्क्यूजपासून सुरुवात करू की हाबरमासपासून? इंग्रजी चालेल, पण सोपं सांगा हां.