मदत हवी आहे : अक्षरं येतात, पण शब्द वाचता येत नाही

नमस्कार. माझ्याकडे पहिली-दुसरीचा एकत्र वर्ग आहे. मुळाक्षरं बहुतेकांना ओळखता येतात. ती वर्णमालेच्या क्रमाने न घेता ग, म, भ, न अशी सारख्या वळणाची एकत्र घेतली, त्यामुळे लिहिणंही लवकर जमलं. घ-ध मध्ये काहींचा गोंधळ होतो, पण तो सरावाने जाईल.

अडतंय ते काना-वेलांटीपाशी. एक मुलगी 'दिवा' वाचताना बोट ठेवून म्हणते, "द ला पहिली वेलांटी दि, व ला काना वा." अगदी बिनचूक. मग शब्द कोणता विचारलं की गप्प! तेच मी तोंडी "दि... वा" असं तोडून म्हटलं, तर लगेच "दिवा" म्हणते. म्हणजे आवाज जोडता येतात, छापील शब्द समोर आला की अडतं. मला वाटतं, चिन्हांची नावं म्हणण्यातच तिचं लक्ष संपून जातं. त्यातून पहिली वेलांटी लिहायची अक्षराआधी आणि उच्चारायची नंतर! श्रुतलेखनात कित्येक मुलं ती भलत्याच अक्षराला देतात.

चिन्हांची नावं बाजूला ठेवून थेट 'का', 'दि', 'मी' असे आवाजच कुणी शिकवले आहेत का? बाराखडी सलग घेता, की काना पक्का झाल्यावरच पुढचं चिन्ह? आणि मूल मनाने काही लिहितं तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ लगेच सुधारता का? मला ते नको वाटतं, आधी त्याला लिहावंसं वाटत राहिलं पाहिजे. वर्गात प्रत्यक्ष करून पाहिलेलं कृपया सविस्तर सांगा.