ऑफिसातलं थँक्सगिव्हिंग: पिसांचे मुकुट हवेत का?

दूरदेशी: बॉस्टनजवळ नोकरी. थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातला अमेरिकी आभाराचा सण) आधीच्या मंगळवारी ऑफिसात पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण, असतो. यंदा सजावट माझ्या गळ्यात पडली. जुन्या खोक्यातून पिलग्रिमांच्या (इंग्लंडहून इथे येऊन वसलेल्या लोकांच्या) काळ्या टोप्या आणि 'इंडियनां'चे कागदी पिसांचे मुकुट निघाले. मुकुट बाजूला ठेवले तर शेजारची मराठी मैत्रीण म्हणते, "अगं, गंमत असते!" पिलग्रिम जिथे वसले ते प्लिमथ इथून तासाभरावर. तिथे १९७० पासून दर थँक्सगिव्हिंगला मूलनिवासी लोक कोल्स हिलवर शोकदिन पाळतात. जेवण हवंच, पण मुकुट घालून मला घास उतरायचा नाही. तुमच्याकडे काय करतात?

चहाबाज: अति होतंय. हा सण ज्यावरून सांगतात त्या १६२१ च्या पिलग्रिमांच्या सुगीच्या जेवणाला वाम्पानोआगांचा (तिथल्या मूलनिवासींचा) प्रमुख मासासोइट नव्वदएक माणसं घेऊन आला, त्यांनी पाच हरणं मारून आणली, तीन दिवस सगळे जेवले. पिलग्रिमांपैकीच एक असलेल्या विन्स्लोच्या पत्रात आहे. आपण व्हिसावर आलेली माणसं. यजमानाचा सण यजमानाच्या रीतीने करावा.

दूरदेशी: यजमान कोण, हाच तर वाद आहे ना!

जुनी_वही: पत्र खरं आहे, पण मागचं-पुढचं पान? प्लिमथ वसलं ते पटुक्सेट गावाच्या जागेवर. १६१६ नंतरच्या साथीत ते गाव ओस पडलं होतं. पिलग्रिमांना मका पेरायला शिकवणारा टिस्क्वांटम तिथलाच. १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनला विकायला नेलं. परत आला तेव्हा घरचं कोणी उरलं नव्हतं. आणि मासासोइटचा मुलगा मेटाकॉम? १६७६ मध्ये त्याला मारून मुंडकं प्लिमथमध्येच खांबावर लावलं. कित्येक वर्षं तिथेच होतं.

चहाबाज: हे पॉटलकच्या टेबलावर सांगणार? शिवाय लिंकनने १८६३ मध्ये यादवी युद्ध चालू असताना हा दिवस जाहीर केला, त्या घोषणेत पिलग्रिमांचं नावही नाही.

दूरदेशी: मग लिंकनला लागले नाहीत ते आपल्याला कशाला?

लिंबूटिंबू: आमच्या एचआरने जेवणाआधी "ही भूमी अमुक जमातीची" असं वाचायला लावलं. वाचणाऱ्याला जमातीचं नाव उच्चारता येईना, लोक हसले. वाचून जमीन परत मिळते का? वर्गणी काढून त्यांच्या संस्थेला द्या, नाहीतर गुपचूप जेवा.

सुगी: मी पुण्यात. 'ट्रॅडिशनल डे'ला आमच्याकडे कोणीतरी पानं गुंडाळून, तोंडाला काळं फासून 'आदिवासी' होऊन येतं. मागे भिंतीवर फ्रेम केलेलं वारली चित्र. गेल्या वर्षी टीममधला पालघरचा मुलगा नेमका त्या दिवशी रजेवर होता. का, ते कोणी विचारलं नाही. मीही नाही.

चहाबाज: ते वेगळं. तिथे तो माणूस ऑफिसातच आहे.

सुगी: बॉस्टनच्या ऑफिसात कोणी नाही, हे कोणी पाहिलंय?

दूरदेशी: मुकुट-टोप्या, खोक्यासकट, टाकून दिल्या. मेलमध्ये एवढंच लिहिलं: "सुगीचं जेवण, मंगळवारी १२ वाजता." मी भोपळ्याचे घारगे नेतेय.

चहाबाज: घारग्यांना विरोध नाही. टोप्या टाकण्याला आहे.