आठवड्याच्या भाजीचं प्लॅनिंग कसं करता? गुरुवारपर्यंत निम्मी भाजी वाया जाते

मीरा_पुणे:
मंडळी, मदत हवी आहे. घरात पाच माणसं, आम्ही दोघं नोकरी करणारे, मुलगा चौथीत, मुलगी बालवाडीत आणि सासूबाई. सकाळी सव्वासातला पहिला डबा बाहेर पडतो, साडेआठला अजून दोन. रविवारी सकाळी आम्ही मंडईत जातो आणि तिथे ताजी भाजी दिसली की हात थांबत नाही, मेथी घे, पालक घे, अंबाडी दिसली मग तीही घे, कोथिंबीर स्वस्त मिळाली म्हणून दोन जुड्या. सोमवार-मंगळवार छान जातो आणि गुरुवारी फ्रीज भरलेला असूनही डब्याला द्यायला काही नसतं. काल खालचा ट्रे उघडला तर कोथिंबिरीची जुडी रबरासकट तशीच पडलेली, वरून हिरवी दिसत होती, उचलली तर खाली काळं पाणी आणि तो वास. पैशांचं आहेच, पण अन्न टाकताना फार वाईट वाटतं हो.

मेनूचा तक्ताही करून पाहिला. सोमवार ते रविवार, दोन्ही वेळचा, फ्रीजवर चिकटवला, दोन आठवडे टिकला. बुधवारी पालक लिहिलाय आणि नेमकं त्याच दिवशी घरी यायला साडेआठ वाजले तर पालक निवडणार कधी? एक दिवस चुकला की पुढचं सगळंच सरकतं. त्यात सासूबाईंना डायबेटिस म्हणून बटाटा जपून, त्यांचा गुरुवारचा उपास, आणि चातुर्मासात त्या कांदा-लसूण खात नाहीत. स्वयंपाकाचा मला कंटाळा नाही. रात्री आडवं पडल्यावर "उद्या डब्याला काय" हे डोक्यात फिरत राहतं ना, त्याने जीव दमतो. तुम्ही सगळे कसं जमवता?

सुलभाकाकू:
मीरा, तुझं वाचलं आणि माझे नोकरीचे दिवस डोळ्यासमोर आले गं. नाशिकला बँकेत 30 वर्षं काढली, सकाळी तीन डबे भरून. तुझा तक्ता चुकला कारण तू वाराला भाजी बांधलीस. भाजी वार बघून खराब होत नाही, तिचा तिचा जीव असतो. कोणती आधी मान टाकते त्या क्रमाने संपवायची, वार कुठलाही असो.

आमच्याकडे असं चालायचं की बाजार केला त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पालेभाजी, त्याच्यापुढे ती ठेवायचीच नाही. मग भेंडी, गवार, कारण भेंडी चार दिवसांनी मऊ तरी पडते नाहीतर तिला काळे डाग तरी येतात. त्यानंतर वांगी, तोंडली, ढोबळी मिरची, आणि आठवड्याच्या शेवटी कोबी, दुधी. लाल भोपळा न कापलेला असेल तर फ्रीजबाहेर सुद्धा कितीतरी दिवस राहतो, मी तो कायम अडीअडचणीला म्हणून ठेवायचे. म्हणजे बुधवारी तुला उशीर झाला तर बिघडत काही नाही, त्या दिवशी जी पुढची आहे ती दुसऱ्या दिवशी. आठवड्यातला एक दिवस रिकामाच सोड, त्या दिवशी पिठलं-भाकरी नाहीतर आमटी-भात, नाहीतर राहिलेल्या सगळ्या थोड्या थोड्या भाज्या घालून मसालेभात.

आणि माप ठरव. पाच माणसांना एका वेळेला मेथीच्या दोन जुड्या लागतात, फळभाजी अर्धा ते पाऊण किलो. हे एकदा हाताला बसलं की मंडईत कितीही स्वस्त असलं तरी आपण तिसऱ्या जुडीकडे बघत नाही. पालेभाजी रविवारी दोन प्रकारच्याच आण, अंबाडी पुढच्या रविवारी.

कोथिंबिरीचं सांगते. घरी आली की पहिलं काम रबर काढायचं, ते तसंच राहिलं की मधल्या काड्या कोंदटतात आणि तिथूनच सडायला सुरुवात होते. मुळं कापायची, पिवळी पानं काढायची, धुवायची अजिबात नाही, पंख्याखाली तासभर पसरून ठेवायची. मग स्टीलच्या डब्यात खाली सुती फडकं, वर कोथिंबीर, वरून परत फडकं, झाकण. दोन-तीन दिवसांनी फडकं दमट लागलं की बदलायचं. आठवडा आरामात निघतो. हिरव्या मिरच्यांचे देठ काढून ठेव, त्या देठापासून खराब होतात. कांदे-बटाटे एका टोपलीत ठेवत असशील तर वेगळे कर.

अमेय_डोंबिवली:
काकूंनी भाजीचं सांगितलंच आहे, मी दुसऱ्या बाजूने लिहितो. आमच्याकडेही हेच होतं. मी बायकोला म्हणायचो तू यादी दे, मी सगळं आणून देतो, आणि मला खरंच वाटायचं की आपण निम्मं काम करतोय. एकदा ती शांतपणे म्हणाली की यादी करणं हेच काम आहे, पिशवी उचलणं सोपं. ते मला पटलं. तेव्हापासून वाणसामान आणि "उद्या काय" हे पूर्ण माझ्याकडे आहे, म्हणजे काय संपत आलंय बघणं, ठरवणं, आणणं, निवडणं सगळं, आणि स्वयंपाक दोघं मिळून. तिला आता विचार करावा लागत नाही, हा फरक खूप मोठा आहे. मीराताई, तुमच्या मिस्टरांशी याबद्दल नक्की बोला.

आमच्या स्वयंपाकघरात कपाटाच्या दाराला आतून एक कागद लावलाय आणि पेन्सिल दोऱ्याने बांधलीये. डब्याचा तळ दिसायला लागला की ज्याच्या हातात डबा त्याने लिहायचं, माझी आई पण लिहिते. महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्याच कागदाचा फोटो काढून वाण्याला व्हॉट्सॲप करतो, सामान घरपोच येतं. ॲपवरून मागवायचो तेव्हा खर्च जास्त व्हायचा, कारण दोन वस्तूंसाठी ॲप उघडलं की सात वस्तू यायच्या.

दुसरं म्हणजे कडधान्य. शुक्रवारी रात्री मटकी भिजत घालतो, शनिवारी सकाळी उपसून फडक्यात बांधतो, रविवारी सकाळी मोड तयार (थंडीत एक दिवस जास्त धरा, आम्ही पुरचुंडी पातेल्यात झाकून उबेला ठेवतो). मोड आलेली मटकी फ्रीजमध्ये तीन-चार दिवस छान राहते, म्हणजे बुधवारपर्यंत एक उसळ हातात असते. तुमच्या त्या उशिराच्या बुधवारसाठी हेच. निवडायचं काही नाही, कुकरला एक शिट्टी, फोडणी, झालं.

गौरी_म्युनिक:
इथे जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात त्यामुळे शनिवारी विसरलं की सोमवारपर्यंत काही नाही, म्हणून प्लॅनिंग आपोआप शिकले. इंडियन स्टोअरला आम्ही तीन आठवड्यांतून एकदाच जातो, सगळी मदार फ्रीझरवर. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण एकदम जास्त करते आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते, मग उसळीला दोन-तीन तुकडे टाकले की काम होतं. खवलेला नारळ पण तसाच. सासूबाईंसाठी त्यातच बिनकांद्याचा एक वेगळा ट्रे करता येईल, नुसतं खोबरं, तीळ, धणे-जिरे.

रंकाळा_वहिनी:
गौरी, मला गोठवलेल्या वाटणाला ती चव नाही वाटत, दोन दिवसांचं फ्रीजमध्ये ठेवलेलं बरं. पण प्रत्येकाची अडचण वेगळी, तिकडे तुम्ही तरी काय करणार. मीरा, पुण्यात दारावर हातगाडी येत असेल ना? मग रविवारी सगळंच का उचलायचं? रविवारी टिकणारं आणायचं आणि बुधवारी-गुरुवारी हातगाडीवरून पालेभाजीची एकेक जुडी. दोन रुपये जास्त जातात पण ट्रेमध्ये सडून जाणाऱ्या भाजीपेक्षा ते स्वस्तच पडतं. आणि मेथी निवडायला मुलांना बसवा. माझी मुलगी सहा वर्षांची असल्यापासून निवडते, स्वतः निवडलेली भाजी पानात टाकत नाही.

मीरा_पुणे:
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे झाले म्हणून सांगायला आले. काकू, कोथिंबीर नवव्या दिवशी संपली, शेवटची काडी पण हिरवी होती! हातगाडीवाले मामा गुरुवारी येतात, त्यांच्याकडून पालक घेते, सासूबाई दुपारी निवडून ठेवतात, त्यांनी आपणहून सांगितलं मी करते म्हणून. अमेयदादा, तुमचं लिहिलेलं नवऱ्याला वाचून दाखवलं. वाणसामान त्याने घेतलंय, पहिल्या महिन्यात तूरडाळ दोनदा आली पण हरकत नाही, डाळ काही वाया जात नाही. मटकी जमली. आता वाल करून बघायचेत, मुलाला डाळिंब्यांची उसळ फार आवडते, पण सोलायला रोज वेळ कुठून आणू?

सुलभाकाकू:
रोज नको गं, रविवारी एकदम कर. शुक्रवारी रात्री भिजत घाल, शनिवारी बांध, वालाला मटकीपेक्षा वेळ लागतो, दीड दिवस धर. रविवारी संध्याकाळी कोमट पाण्यात टाक, पंधरा-वीस मिनिटांनी चिमटीत दाबलं की दाणा सटकन बाहेर येतो. सगळ्यांनी एका परातीभोवती बसायचं. सोललेले डब्यात भरून फ्रीझरला टाक आणि उसळ करताना गोठलेलेच फोडणीत घाल, आधी बाहेर काढून ठेवलेस तर मऊ पडून मोडतात. आणि गूळ-आमसूल दाणे शिजल्यावरच घाल, आधी घातलंस तर कडक राहतात.