कुत्रीच्या मागच्या घोट्याचं लिगामेंट ऑपरेशन, कोणाला अनुभव आहे का?

नमस्कार, मदत हवी आहे. आमची चार वर्षांची कुत्री गाडीखाली आली, जीव वाचला पण मागच्या उजव्या पायाचा घोटा, म्हणजे हॉक जॉइंट, आतल्या बाजूने पार सोलवटलाय आणि तिथलं लिगामेंट फाटलंय. पाय टेकवला की पंजा बाहेर वळतो, बघवत नाही हो. भूल देऊन घोटा बाजूला ताणून एक्सरे काढला तर सांध्यात फट उघडलेली स्पष्ट दिसली.

सर्जन म्हणतात की त्या लिगामेंटला दोन पट्टे असतात, लांब पट्टा पाय सरळ असताना ताणलेला राहतो आणि आखूड पट्टा पाय वाकवल्यावर, म्हणून दोन्हींच्या जागी हाडात स्क्रू बसवून जाड धागा ओवायचा आणि वरून काही आठवडे पिनांची बाहेरची फ्रेम, म्हणजे सांधा हलणार नाही आणि जखमेचं ड्रेसिंगही रोज करता येईल. दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं सरळ प्लेट टाकून सांधा कायमचा जोडून टाका. मला तो शेवटचा उपाय वाटतो, कारण हाड फारसं घासलेलं नाहीये आणि एकदा जोडला की घोटा परत वाकणार नाही.

कोणी धाग्यावालं ऑपरेशन केलंय का? उघड्या जखमेत स्क्रूला इन्फेक्शन झालं का, नंतर काढावे लागले का? फ्रेम निघाल्यावर घोटा किती वाकतो? आणि एवढे दिवस तिला उड्या मारण्यापासून कसं थांबवलंत? रात्रभर ती पट्टी चाटायला बघते, मी शेजारीच बसून असते. प्लीज सांगा, लवकर ठरवायचंय.